चार पिनचा कनेक्टर आणि आपलं लॉजिस्टिक हब

एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर ४३ डिग्री आणि आमची असेंब्ली लाईन बंद. ऐन सीझनमध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही, नागपूरजवळच्या बुटीबोरीकडची होती, कूलर, वॉशिंग मशीन असलं घरगुती सामान बनवायची आणि मी तिथे परचेस-प्लॅनिंगला होतो. लाईन कशाने बंद, तर कंट्रोल पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पट्टीवर, बसणारा चार पिनचा एक कनेक्टर संपला, किंमत दोन रुपयांच्या आत. मोटर होती, पंप होता, कार्टन होते, बॉडी तर इतक्या होत्या की स्टोअरमध्ये मावत नव्हत्या म्हणून शेडबाहेर ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या, त्याही अशा मॉडेलच्या ज्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं. शेवटी दिल्लीहून एक पोरगा कनेक्टरची बॅग हँड लगेजमध्ये घेऊन रात्रीच्या फ्लाईटने आला, आमचा ड्रायव्हर त्याला सोनेगाव विमानतळावर घ्यायला गेला. त्या पोराचं तिकीट बॅगेतल्या मालापेक्षा महाग पडलं. दुसऱ्या दिवशी लाईन सुरू झाली आणि मीटिंगमध्ये आमच्या टीमसाठी टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्या मला आजही खुपतात. कारण कनेक्टर संपला कसा हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. ३१ मार्चला ताळेबंदात स्टॉक कमी दिसायला हवा म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी वरून फर्मान आलं, इनवर्ड थांबवा, म्हणजे माल आत घेऊ नका. मोठ्या व्हेंडरच्या गाड्या थांबवता येत नव्हत्या, त्यांचे करार असतात, वरपर्यंत ओळखी असतात. मग कोणाचं थांबवलं? छोट्यांचं. कनेक्टरवाल्याचं शेड्यूल मार्चमधून एप्रिलमध्ये ढकललं, फोनवर, कागदही नाही. त्याने काय करावं? मशीन रिकामी ठेवून आमची वाट बघावी? त्याने ती दुसऱ्याला दिली. एप्रिलमध्ये आम्ही माल मागितला तेव्हा तो म्हणाला, साहेब आता तीन आठवडे लागतील, आणि आमच्याकडे त्याला लगेच नाव पडलं, अनरिलायबल व्हेंडर.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं नागपुरात कुठेही उद्योगाचा विषय निघाला की गाडी एकाच स्टेशनवर जाऊन थांबते, लॉजिस्टिक हब. झिरो माईलचा खांब दाखवायचा, ते चार घोडे दाखवायचे, म्हणायचं आपण देशाच्या मधोमध, इथून कुठलंही टोक सारखंच लांब, तर आता बघा कसे कारखाने येतात. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या तर पूर्ण नावातच कार्गो हब आहे. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि शेवटचा इगतपुरीचा तुकडा जून २०२५ मध्ये. जीएसटी आल्यावर प्रत्येक राज्यात टॅक्ससाठी वेगळा डेपो ठेवायची गरज संपली, त्यामुळे मधल्या गावाला खरंच भाव आला, वर्धा रोडला, अमरावती रोडला गोडाऊनं उभी राहिली, हे मी नाकारत नाही. उद्या कुणी टीव्हीचा नाहीतर एसीचा प्लांट इथे आणला तर पहिला आनंद मला होईल, माझं पोट त्यावरच आहे, सतरा वर्षं नोकरी करून मी आता हिंगण्याला वायर हार्नेसचं, म्हणजे मशीनच्या आतल्या वायरींचे तयार जुडगे बनवायचं, छोटं युनिट चालवतो. म्हणजे आधी शेड्यूल ढकलणारा होतो, आता ज्याचं ढकललं जातं तो आहे. तेव्हा मी जे म्हणतोय त्यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो.

तर म्हणणं असं की आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांची सप्लाय चेन रस्त्यावर अडत नाही, ती ऑर्डरमध्ये अडते. ऑर्डर म्हणजे खरं तर तीन गोष्टींचा शब्द असतो, किती नग, कोणत्या तारखेला आणि पैसे कधी. आपल्याकडे हे तिन्ही रबराचे. आणि तिन्ही रबराचे असताना खाली सहापदरी रस्ता घातला तर चुकीचा माल लवकर पोचतो, एवढंच.

आधी नगांचं बघू. बर्डीवरच्या एका दुकानदाराचे समजा आठवड्याला दहा कूलर जातात. मार्चमध्ये एक आठवडा जरा कडक गेला, बारा गेले. तो म्हणतो अजून वाढणार, आणि मागच्या वर्षी कंपनीने माल कमी दिला होता, तर आपण सोळा मागू. असे तीस दुकानदार ज्या डिस्ट्रिब्युटरकडे, तो बघतो मागणी दीडपट झाली, तो स्वतःचा थोडा मसाला घालतो आणि दुप्पट मागतो. कंपनीचा प्लॅनर ते बघून अडीचपट प्लॅन करतो कारण उद्या माल कमी पडला तर शिव्या त्यालाच. आणि सगळ्यात शेवटी जो पंप बनवतो किंवा हार्नेस बनवतो, म्हणजे मी, माझ्याकडे येते चौपट ऑर्डर, अर्जंट. एका दुकानातून खरे किती वाढले होते? दोन. मग एप्रिलमध्ये एक अवकाळी पाऊस पडतो, दुकानदार एक आठवडा काहीच मागवत नाही, आणि माझ्याकडे दीड महिना शून्य. बैल हाकायच्या आसुडासारखं आहे हे, मुठीपाशी मनगट जरासं हलतं आणि टोक सपकन हवेत जातं. टोकाला जो उभा असतो त्याच्याच पाठीवर वळ उठतो.

हा काही माझा शोध नाही. जे फॉरेस्टर नावाच्या एमआयटीच्या प्राध्यापकाने १९६१ सालीच हे मांडून ठेवलंय, आणि पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलवाल्यांना आपल्या लहान मुलांच्या डायपरमध्ये तेच दिसलं. आता बघा, बाळं काही सीझन बघून लंगोट ओले करत नाहीत, वापर जवळपास सारखाच, तरी डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी वरखाली आणि कंपनीच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून वरखाली. त्यांनीच त्याला बुलव्हिप, म्हणजे आसूड, म्हणायला सुरुवात केली. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या हाउ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याची चार कारणं नीट सांगितली: प्रत्येकाने आपापला अंदाज लावणं, ऑर्डर साठवून एकदम टाकणं, स्कीम देऊन भाव वरखाली करणं, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागणं. मला गंमत वाटते ती याची की या चारात रस्ता, ट्रक, गोडाऊन कुठेच नाही. चारही कारणं माणसांनी आपल्या केबिनमध्ये बसून केलेली आहेत.

तिसऱ्या कारणाचं, स्कीमचं, तर आपल्याकडे पीक आहे. प्रत्येक महिन्याचे शेवटचे चार दिवस कुठल्याही कंपनीच्या सेल्सवाल्याला फोन करून बघा, उचलणार नाही. टार्गेट भरायचं असतं, मग डीलरला सांगायचं, भाऊ शंभर उचल, दोन टक्के जास्त देतो, पैसे पुढच्या महिन्यात दे, नाही गेले तर बघू काय ते. डीलर उचलतो. कंपनीच्या कागदावर सेल झाला. पण माल कुठे गेला? कंपनीच्या गोडाऊनमधून डीलरच्या गोडाऊनमध्ये. गिऱ्हाईकाच्या घरात एकही गेला नाही. आमच्या भाषेत पहिल्याला प्रायमरी म्हणतात आणि दुकानातून खरा जो गेला त्याला सेकंडरी नाहीतर टर्शरी, आणि अख्ख्या कंपनीचा पगार, इन्सेंटिव्ह, प्रमोशन प्रायमरीवर. मग महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यात कारखाना जांभया देतो आणि शेवटच्या आठवड्यात रात्रपाळी, ओव्हरटाईम, गेटवर ट्रकची रांग, ट्रान्सपोर्टर जास्त भाडं मागतो कारण त्यालाही माहीत आहे की तुमची गरज आज रात्री बारापर्यंतची आहे. गेटवरचा आमचा एक जुना हमाल दर महिन्याला विचारायचा, "साहेब, हे एकाच दिवशी काहून भरता हो, आधी काय झोपले होते काय?" त्याला उत्तर देणारा माणूस कंपनीत कुणी नव्हता.

यावर लोक म्हणतात की आता सॉफ्टवेअर आलंय, एआय आलंय, ते बरोबर फोरकास्ट करेल. माझं सॉफ्टवेअरशी काही वाकडं नाही, आम्हीही मोठ्या खर्चाने बसवलं होतं. पण राजेहो, मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ डिग्री झाल्याची बातमी आठवते का? देशभर बोंब झाली, मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांचे फोन आले जिवंत आहात का म्हणून. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या ऑटोमॅटिक केंद्राचा सेन्सर बिघडला होता. गर्मी होतीच, पण ५६ नव्हती. तसंच हे. सिस्टीमला डीलरची फुगवलेली ऑर्डर खाऊ घातली तर ती त्या फुग्याचाच अंदाज करणार, दशांशाच्या दोन घरांपर्यंत, रंगीत ग्राफसकट. आणि सेन्सर बिघडला तर निदान कुणीतरी येऊन तपासतो, इथे सेन्सर मुद्दाम बिघडवलेला असतो आणि बिघडवणाऱ्याला इन्सेंटिव्ह मिळतो.

२०२५ साल तर या विषयाची पाठशाळाच होती. २०२४ चा उन्हाळा जबर गेला होता, एसीला तुटवडा पडला, म्हणून २०२५ साठी सगळ्यांनी दणकून प्लॅन केलं, कॉम्प्रेसर आणून ठेवले, डीलरने गोडाऊन भरले. आणि मान्सून आला २४ मेला, केरळात, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदा. आपल्याकडे नवतपा म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, अख्ख्या विदर्भाचा कूलर-एसीचा धंदा त्या नऊ दिवसांवर डोळे लावून असतो, आणि तेव्हाच ढग. एसी कंपन्यांचे त्या तिमाहीचे आकडे पडले. बरं, हे झालं निसर्गाचं. पुढे १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, आणि एसीवरचा, मोठ्या टीव्हीवरचा टॅक्स २८ वरून १८ झाला २२ सप्टेंबरपासून. मधले पाच आठवडे गिऱ्हाईक दुकानात यायचं, हात लावून बघायचं आणि म्हणायचं नंतर येतो. कोण येडा आहे दहा टक्के जास्त टॅक्स द्यायला. मग नवरात्रात एकदम झुंबड. गिऱ्हाईकाची गरज तेवढीच होती, फक्त मागणी पाच आठवडे बांध घालून अडवली आणि मग सोडली. टॅक्स कमी झाला हे चांगलंच झालं, पण त्या पाच आठवड्यात माझ्यासारख्याकडे काम शून्य आणि नंतर रात्रंदिवस, आणि शून्याच्या काळातही कारागिरांचा पगार द्यावाच लागतो, ते काही २२ सप्टेंबरपासून जेवत नाहीत.

आता तारखेचं. रस्त्याच्या बाजूने जो खरा मुद्दा आहे तो इथे येतो, आणि तो हबवाले स्वतःच नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडतो. कारखान्यात जास्तीचा स्टॉक का ठेवतात? माल उशिरा येतो म्हणून नाही, कधी येईल ते माहीत नसतं म्हणून. एखादा ट्रक नेहमी, म्हणजे नेहमीच, चार दिवसांनी येत असेल तर मी चार दिवस आधी सांगेन, झालं. पण तोच ट्रक कधी दोन दिवसात, कधी नऊ दिवसात येत असेल तर मला नऊ दिवसांचा माल उरावर घेऊन बसावं लागतं. सरासरी कमी असून काही कामाची नाही, वरखाली किती होते ते बघायचं. न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर उतरला, मग मालगाडीची रेक कधी लागणार, इथे डेपोत कस्टमचं कधी होणार, हे आधी सांगता आलं तर मी समृद्धीवर ट्रक ताशी ऐंशीने जातो की साठने याची पर्वा करणार नाही. त्यामुळे वेगाची जाहिरात करण्यापेक्षा हबवाल्यांनी एवढं जरी केलं, की दर महिन्याला जाहीर करायचं, इथे कंटेनर लवकरात लवकर किती दिवसात सुटला आणि उशिरात उशिरा किती, तर मी स्वतः हार घेऊन जाईन.

पण तारखा जास्त कोण बदलतं? पुन्हा कंपनीच. माझ्याकडे येणारं शेड्यूल महिन्यातून चार वेळा बदलतं, कधी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी. मला तांब्याची वायर आणायला आठवडा लागतो, वायरीच्या टोकाचे टर्मिनल बाहेरून येतात त्याला तीन आठवडे, आणि पीसीबीवरचा आयसी, म्हणजे चिप, म्हणाल तर कारखान्यात वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती घातल्यापासून तयार चिप हातात यायला तीन महिने सहज जातात, २०२१ मध्ये तर काही आयसींना सहा-सहा महिने वाट बघावी लागली. एका बाजूला तीन महिन्यांचा पार्ट आणि दुसऱ्या बाजूला तीन दिवसात बदलणारं शेड्यूल, हे जुळायचं कसं? यावर उपाय जुना आहे, निदान दोन आठवड्यांचं शेड्यूल गोठवायचं, फ्रीझ म्हणतात त्याला, काहीही झालं तरी त्यात हात घालायचा नाही. ज्या कंपनीत हे पाळलं जातं तिथे माल देताना मला रात्री झोप लागते. मी नोकरीत असताना आम्हीही फ्रीझ केलं होतं, पहिल्याच महिन्यात सेल्सच्या साहेबांनी तोडलं, आणि तोडल्याबद्दल त्यांना काही झालं नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं की फ्रीझ म्हणजे फक्त एक्सेलमधला निळा रंग आहे.

काही लोक इथे टोयोटाचं नाव घेतात, जस्ट इन टाईम म्हणजे लागेल तेव्हाच माल आणायचा, स्टॉक म्हणजे पाप वगैरे. त्यांनी अर्धंच ऐकलेलं असतं. टोयोटाचं सगळं उभं आहे ते सपाट, न हलणाऱ्या प्लॅनवर आणि व्हेंडरशी वर्षानुवर्षांच्या संबंधावर. आणि जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी काय केलं, तर कुठला पार्ट पुन्हा मिळायला किती वेळ लागतो ते बसून शोधलं आणि चिपसारख्या पार्टचे काही महिन्यांचे साठे सप्लायरला ठेवायला लावले. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला बाकी कारवाले रडत होते तेव्हा ते बराच काळ तग धरून राहिले, पुढे त्यांनाही फटका बसला ते वेगळं. आमच्याकडे उलटं झालं होतं, बॉडीचा चाळीस दिवसांचा स्टॉक आणि कनेक्टरचा दोन दिवसांचा. बॉडी जागा खाते, पैसा खाते, आणि ती पुण्याहून चार दिवसात येते. कनेक्टर एका कपाटात वर्षभराचा मावतो. मग स्टॉक कशाचा ठेवावा? हा प्रश्न तिसरीतल्या पोट्ट्याला घातला तर तोही बरोबर सांगेल, पण आमच्या रिपोर्टमध्ये एकच आकडा होता, एकूण स्टॉक किती कोटी, आणि तो कमी झाला की साहेब खूश.

आणि आता पैशाचं, ज्यावर बोलायला कुणाला आवडत नाही. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात लिहिलंय की लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थांबवता येणार नाहीत, करारच नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर इतका कडक कायदा क्वचितच असेल. मी एकदाही व्याज मागितलं नाही, माझ्या ओळखीतल्या कुणी मागितलं नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर बंद. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे, तिथेही तेच, गिऱ्हाईकावर केस करून धंदा कोण करतो? म्हणून २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालेलं इनकम टॅक्सचं ४३बी-एच कलम मला पटलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, टॅक्स भरा. मला भांडावं लागत नाही, त्यांचा सीए त्यांच्याशी भांडतो. मार्च २०२४ मध्ये माझे काही जुने अडकलेले पैसे आले, फोन न करता, मी दोनदा बँकेचा मेसेज वाचला. अर्थात पळवाटा निघाल्या, कुणी म्हणालं लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी सोडा, कुणी बिल महिनाभर "इन्स्पेक्शनमध्ये" ठेवायला लागलं म्हणजे ४५ दिवस मोजायला उशिरा सुरुवात. गेटवर माल उतरला आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, वीस दिवसांनी बनला, हा प्रकार ज्याने भोगलाय त्यालाच कळेल.

लोक विचारतील याचा सप्लाय चेनशी काय संबंध, हे तर अकाउंट्सचं आहे. संबंध असा की ज्याचे पैसे शंभर दिवस अडकलेत तो तुमच्यासाठी कच्चा माल आणून ठेवू शकत नाही. त्याच्याकडे पैसेच नाहीत. तुम्ही अर्जंट ऑर्डर टाकता तेव्हा तो आधी उधारीवर तांबं शोधत फिरतो, आणि मग कुणाला आधी माल द्यायचा हे ठरवताना जो वेळेवर पैसे देतो त्याला देतो, मीही तेच करतो, कोणीही तेच करेल. त्याहून वाईट म्हणजे तो तुम्हाला खरं सांगणं बंद करतो. मशीन बिघडली, माणसं गावाला गेली, टर्मिनल आले नाहीत, हे तो सांगत नाही कारण सांगितलं की तुम्ही पेमेंट थांबवायला नवीन कारण शोधाल. तो "हो साहेब, उद्या गाडी निघते" म्हणतो. तुमचा प्लॅन त्या "उद्या"वर बनतो.

खरं कळण्याची किंमत किती असते त्याचं उदाहरण मोबाईलवाल्यांच्या जगातलं आहे, आणि आता पंचवीस वर्षं उलटली तरी मला त्याहून चांगलं सापडलेलं नाही. १७ मार्च २००० ला अमेरिकेत अल्बुकर्कला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. आग म्हणजे किती, दहाएक मिनिटात विझली. पण धूर आणि पाणी क्लीनरूममध्ये गेलं आणि तयार होत असलेल्या चिपा बाद झाल्या. दोन मोठी गिऱ्हाईकं होती, नोकिया आणि एरिक्सन. फिलिप्सने दोघांनाही सांगितलं, आठवडाभर उशीर होईल. नोकियाच्या प्लॅनिंगमधल्या माणसांना ते पचलं नाही, त्यांनी तो पार्ट लक्ष ठेवायच्या यादीत टाकला, रोज विचारायला लागले, आणि आठवडा नव्हे तर महिने लागणार हे कळल्यावर वरचे साहेब स्वतः फिलिप्सकडे जाऊन बसले, त्यांच्या दुसऱ्या कारखान्यांची कपॅसिटी मागितली, जपानमध्ये, अमेरिकेत दुसरीकडे ऑर्डर दिल्या. एरिक्सनमध्ये खालच्या माणसाला कळलं होतं, पण वरपर्यंत गोष्ट जायला कित्येक आठवडे गेले, आणि तोपर्यंत शिल्लक कपॅसिटी नोकियाने उचललेली. चाळीस कोटी डॉलरच्या आसपास नुकसान, आणि पुढच्याच वर्षी एरिक्सनने मोबाईलचा धंदा सोनीबरोबर भागीदारीत टाकला. दोघांचा सप्लायर एक, आग एक, बातमीही एकच. बॉसला वाईट बातमी सांगायला एका कंपनीत भीती कमी होती.

आणि फुगवलेल्या ऑर्डरीचं बघायचं असेल तर नेटवर्किंगची यंत्रं बनवणारी अमेरिकन कंपनी सिस्को, २००१. इंटरनेटची लाट होती, माल कमी पडत होता, गिऱ्हाईकांनी दोन-दोन ठिकाणी ऑर्डर टाकल्या, सिस्कोने त्या सगळ्या खऱ्या धरून कच्चा माल बुक केला, आणि लाट ओसरल्यावर सव्वादोन अब्ज डॉलरचा माल राईट ऑफ करावा, म्हणजे बुडीत धरावा लागला. त्यांच्याकडे त्या काळातलं नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं.

मग सरकारकडे मागायचं काय? आपल्याकडे मागणी नेहमी जागेची, विजेच्या दराची, सबसिडीची. सामूहिक प्रोत्साहन योजनेत विदर्भाला जास्त मिळतं, मिळायलाच हवं. केंद्राची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, इलेक्ट्रॉनिक्सला २०२० मध्ये आली, एसी आणि एलईडीच्या सुट्या भागांना २०२१ मध्ये ६,२३८ कोटींची. पीएलआयचे पैसे मिळतात ते वाढीव विक्रीवर. वाढीव विक्रीवर! म्हणजे जो रोग सेल्स डिपार्टमेंटला आहे त्याच मापाने सरकारही मोजतं. माझं साधं म्हणणं आहे, सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कंपनीने दोन आकडे दरवर्षी जाहीर करावेत. एक, लघुउद्योगांचे पैसे सरासरी किती दिवसात दिले, बिलाच्या तारखेपासून नाही, गेटवर माल उतरल्यापासून. दोन, दिलेल्या शेड्यूलपैकी किती टक्के शेवटच्या दोन आठवड्यात बदललं. हे दोन्ही आकडे त्यांच्या सिस्टीममध्ये आजच पडलेले आहेत, एक रिपोर्ट काढायचा आहे. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलं वटवायच्या ट्रेड्स या ऑनलाईन प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची झालीच आहे, पण नोंदणी करून बिल न चढवणं यालाही कोणी हरकत घेत नाही, जिमची फी भरून न जाण्यासारखं.

उद्योजकांच्या आपल्या संघटना हे मागतील का? कठीण आहे, कारण कार्यकारिणीत पहिल्या रांगेत बसतो तो मोठा खरेदीदार आणि शेवटच्या रांगेत त्याचेच व्हेंडर. मी एकदा एका बैठकीत पेमेंटचा विषय काढला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, आणि विषय समृद्धीच्या इंटरचेंजवर गेला. बाहेर पार्किंगमध्ये मात्र तिघांनी येऊन खांद्यावर हात ठेवला, "बरं बोललास बे." आत का नाही बोललात, असं मी विचारलं नाही, मलाही उत्तर माहीत होतं. तिघांचेही पैसे आत बसलेल्यांकडे होते.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या दरवेळी मुजोरीने करत नाहीत, त्याही कुणाच्या तरी खाली दबलेल्या असतात. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा पॅनलचा, तो बाहेरून, मुख्यतः चीनहून येतो, त्याचा भाव चार-सहा महिन्यात कुठून कुठे जातो, आणि तिथे पैसे आधी मोजावे लागतात, तिथे कुणी नव्वद दिवसांची उधारी देत नाही. एकीकडे आगाऊ पैसे, दुसरीकडे मोठे ऑनलाईन विक्रेते आणि रिटेल चेन उशिरा पैसे देणार, मधल्या खड्ड्याची भरपाई कुठून करायची, तर जो बोलू शकत नाही त्याच्याकडून. म्हणजे हिंगण्यातला दहा माणसांचा कारखाना बिनव्याजी कर्ज देतोय एका शेकडो कोटींच्या कंपनीला, आणि स्वतः मात्र बँकेच्या सीसी लिमिटवर, म्हणजे खेळत्या कर्जावर, व्याज भरतोय. ते व्याज शेवटी त्याच्या भावात येतंच, हार्नेसच्या किमतीत ते असतं, मी धरतो, सगळे धरतात. कंपनीची परचेस टीम मग दहा पैसे कमी करण्यासाठी माझ्याशी अर्धा दिवस घासाघीस करते, आणि त्यांच्याच अकाउंट्सने लादलेलं व्याज त्या किमतीत बसलेलं असतं.

सध्या जानेवारी संपत आलाय, कूलरचं शेड्यूल यायला लागलंय. काल एका कंपनीच्या नवीन प्लॅनरचा फोन होता, पंचविशीतली मुलगी, आवाजावरून घाबरलेली वाटली. म्हणाली, काका, सिस्टीममध्ये मार्चचे बारा हजार हार्नेस दिसतायत पण मला वाटतं डीलरकडे मागचाच माल पडलाय, खरे सात-आठच लागतील, तुम्ही बाराचं तांबं नका आणू. सतरा वर्षांच्या नोकरीत मी एकाही व्हेंडरला असा फोन केला नव्हता. मी विचारलं, हे तुझ्या साहेबांना माहीत आहे का? ती म्हणाली नाही, आणि प्लीज मेलवर काही लिहू नका. मी आठ हजारांचंच तांबं सांगितलंय.